पहूरच्या भिंतीची दिशा

उस्मानभाई,

तुम्ही गेलात त्याला वीस दिवस झाले, आणि एकविसाव्या दिवशी सकाळी पहूरच्या शाळेतून फोन आला की तुम्ही भिंत वाकडी बांधली आहे.

हेडमास्तर भला माणूस. आधी तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले, मग घसा खाकरला. "मॅडम, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण सुट्टीत आम्ही त्या सावलीच्या यंत्राच्या भोवती पेव्हर ब्लॉक बसवायला घेतले. खोदलं तर पाया उघडा पडला. भिंत पायावर सरळ बसलेलीच नाही, तिरकी आहे. कामावरचे इंजिनियर म्हणतात, मिस्त्रीनं घोळ घातलाय. यंत्रच चुकीचं असेल तर ठेवायचं कशाला? तिथं सायकल स्टँड तरी होईल."

मी म्हणाले, "काही हलवू नका. उद्या येते."

तुमची बाजू मी घेतली नाही. खरं सांगते, फोन ठेवल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की चुकलं असेल म्हाताऱ्याचं, मी धुळ्याला परीक्षेत अडकले होते तेव्हाच चुकलं असेल. इतक्या वर्षांची ओळख आणि एक फोन. माणूस किती लवकर हात झटकतो बघा.

आपली पहिली भेटही भिंतीपाशीच झाली होती. धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये मी वास्तुकलेचा इतिहास शिकवत होते आणि तुम्ही वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात गिलाव्याची डागडुजी करत होतात. त्या दिवशी वेधशाळांचा धडा होता. दुपारची वेळ, मुलं पेंगत होती. मी समरकंदबद्दल सांगत होते. तिथल्या सुलतानानं टेकडीच्या पोटात एक प्रचंड कमान खोदून घेतली होती, सूर्याची उंची मोजायला. पितळेची यंत्रं हातभर असतात, ती डुगडुगतात, उन्हानं फुगतात. माप बारीक हवं असेल तर यंत्र मोठं हवं, आणि मोठं यंत्र हलू द्यायचं नसेल तर ते जमिनीतच रोवायला हवं. पुढे वरची इमारत लोकांनी पाडली, विटा वाहून नेल्या. जमिनीखालची कमान तेवढी राहिली. आभाळाचं माप मातीखाली शाबूत राहिलं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की बाहेरचा थापीचा आवाज थांबला आहे.

तास संपल्यावर तुम्ही दारात उभे होतात, हाताला माल लागलेला. म्हणालात, "मॅडम, एक इचारू का? ती कमान जमीनमा व्हती ना? मंग तेमा पानी भरत नही का?"

इतकी वर्षं मी तो धडा शिकवत होते. एकाही विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला नव्हता. मलाही कधी पडला नव्हता. मी म्हणाले, "मला माहीत नाही हो." तुम्ही मान हलवलीत, जसं काही मी पास झाले. दुसऱ्या दिवसापासून मॅडमची अक्का झाले. घरात तुमची उर्दू, कामावर अस्सल अहिराणी, आणि तुमच्याशी बोलताना माझ्याही तोंडात ती यायला लागली, म्हणून शहरातल्या माझ्या भाच्या हसायच्या.

तेव्हापासून माझा खरा वर्ग व्हरांड्यातच भरायचा. मी चहा घेऊन यायची, तुम्ही बादली उलटी करून बसायचे. डेन्मार्कच्या बेटावरच्या त्या ज्योतिषाची गोष्ट तुम्हाला फार आवडली होती. त्यानं आधी मनोऱ्यांचा महाल बांधला, वाऱ्यानं यंत्रं हलायला लागली, तशी त्यानं शेजारीच दुसरी वेधशाळा जमिनीत उतरवली, छप्पर तेवढं वर. "म्हंजे आदी शान करी, मंग अक्कल ऊनी," तुम्ही म्हणालात. घुमटाच्या वेधशाळांची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. दुर्बिणीचा खांब थेट खडकातून वर येतो, मजल्यातून जातो, पण मजल्याला शिवत नाही. भोवती बोटभर फट ठेवतात, नाहीतर कुणी जिना चढला तरी वरचा तारा थरथरतो. तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात. मग म्हणालात, "घरमा ऱ्हाईसन घरना नही."

हे वाक्य मी पुढे वर्गात माझं म्हणून खपवलं आहे. आज कबूल करते.

मग उज्जैन. धुळ्याहून आग्रा रोडनं इंदूरची बस, तिथून पुढं. अख्ख्या बसमध्ये देवळासाठी न निघालेले आपण दोघंच. तुम्ही मुसलमान, मी बौद्ध, आणि शेजारच्या काकू विचारतायत, "दर्शन का?" तुम्ही सांगितलंत, "हा, दर्शनच." खोटं नव्हतं ते. क्षिप्रेच्या काठावरच्या त्या जुन्या वेधशाळेत शिरलात आणि चपला काढल्यात. मी म्हटलं, इथं चपला चालतात. तुम्ही ऐकलं नाही. भिंतीच्या टोकाशी उकिडवे बसलात, एक डोळा मिटून कडेवरून नजर लावलीत आणि पाच मिनिटं हललाच नाहीत. मग तळहात त्या चुन्यावरून फिरवलात, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"अक्का, हाई कोनी बांधं?"

"जयपूरच्या राजानं. अशा पाच बांधल्या त्यानं. जयपूरची भिंत तर सात मजली इमारतीएवढी आहे. तिथं सावली मिनिटाला चार बोटं सरकते, उभ्या उभ्या डोळ्यांना दिसते."

"राजानी बांधं? राजाना हातले चुना लागना व्हता का?"

मी हसले. तुम्ही नाही हसलात. मी तेव्हा वेधशाळांच्या इमारतींवर पुस्तक लिहायला घेतलं होतं. तुम्ही विचारलंत, त्यात मिस्त्री लोकांची नावं आहेत का. मी म्हणाले, राजांची आहेत, ज्योतिषांची आहेत, मिस्त्र्यांची कुठं लिहिलेलीच नाहीत तर सापडणार कशी?

"मंग नावं सापडनात नही, असं तरी लिखा ना अक्का."

आपलं हे भांडण तिथूनच सुरू झालं आणि मिटलं नाही. मी म्हणायची, इतिहासात जे नाही ते लिहिता येत नाही. तुम्ही म्हणायचे, जे नाही ते नाही म्हणून लिहायला काय जातं? परतीच्या बसमध्ये सेंधवा येईपर्यंत आपण बोललो नव्हतो. मग तुम्ही पिशवीतून कळण्याची भाकर आणि ठेचा काढलात आणि अर्धी भाकर न बोलता माझ्या मांडीवर ठेवलीत. मी म्हणाले, जयपूरला नेईन तुम्हाला. नेलं नाही. आधी माझी निवृत्ती, मग माझं जळगावला येणं, मग तुमचे गुडघे. सात मजली भिंतीवरची पळती सावली तुम्ही पाहिलीच नाहीत, आणि याला कारण माझा आळस, दुसरं काही नाही.

पहूरची भिंत ही त्याची भरपाई होती, माझ्या मनात तरी. शाळेनं जागा दिली, उंचवट्यावरची, जिथून आसपासची केळीची शेतं दिसतात. आराखडा माझा, हात तुमचे. वीस फूट लांबीची त्रिकोणी भिंत, उत्तरेकडचं टोक पुरुषभराहून उंच, आणि वरची तिरकी कड ध्रुवाकडे रोखलेली. दोन बाजूंना दोन वाकड्या कमानी, त्यांच्यावर तासांच्या खुणा. भिंतीच्या कडेची सावली या खुणांवरून सरकणार. ना काटा, ना चावी, ना सेल. लोक वेधशाळा म्हटलं की रात्र धरून चालतात, आपली भर दुपारची.

कडेचा चढ किती, तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, गावाचा अक्षांश जितका तितका. आपल्याकडे, म्हणजे धुळे घ्या, जळगाव घ्या, पहूर घ्या, एकवीसच्या आसपास. तुम्ही विचारलंत, "आनि मक्का?" मी पोरांचा नकाशासंग्रह उघडला. एकवीस आणि थोडं वर. तुम्ही थापी खाली ठेवलीत.

"म्हंजे हाई भिंत उचलीसन तठे ठेवी, तरी चाली?"

"जवळजवळ चालेल."

मग तुम्ही मला जे सांगितलंत ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वर्षातून दोन दिवस, मेच्या शेवटाला आणि जुलैच्या मध्यात, सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजून गेलेले असतात. त्या घडीला काठी उभी करायची आणि सावलीकडे पाठ करायची. समोर मक्का. तुमच्या वडिलांनी तुम्हाला हे शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. खेड्यातल्या मशिदींची दिशा तुम्ही अशी धरायचात. मी घरी जाऊन गणित मांडलं. मिनिटाच्या हिशोबानं बरोबर निघालं. हजारो मैलांवरची एक इमारत आणि तुमच्या हातातली एक काठी, आणि मधे फक्त सूर्य.

म्हणजे मला माहीत होतं. तुम्हाला सावली किती कळते हे मला पुरेपूर माहीत होतं, आणि तरीही पुढचं घडलं.

भिंतीची उत्तर मी होकायंत्रानं धरली. पॉलिटेक्निकचं पितळी, जड, माझ्या अभिमानाचं. चुन्याची फक्की मारून रेषा आखली. तुम्ही रेषेच्या टोकाशी उभे राहिलात, सूर्याकडे बघितलंत, परत रेषेकडे बघितलंत.

"अक्का, हाई लाइन खोटी शे."

"कशावरून?"

"बाजूले सळ्यासना ढीग पडेल शे. सुईले लोखंडनं येड, ती तिकडे पळी ऱ्हायनी. माले एक दिन द्या. काठी लावस. सावली कोना नादले लागत नही."

शाळेच्या नव्या खोल्यांसाठी आणलेल्या सळ्या दहा पावलांवर पडल्या होत्या हे खरं. पण दुसऱ्या दिवशी भूमिपूजनाला पाहुणे यायचे होते, शाळेचे शिक्षक बघत होते, मजूर बघत होते, आणि एक मिस्त्री मला सगळ्यांसमोर चूक म्हणत होता. मी जे बोलले ते शब्द न् शब्द मला आठवतं. मी म्हणाले, "उस्मानभाई, तुम्ही भिंत बघा. दिशा बघायला मी आहे."

गंमत बघा. काठी रोवायची, भोवती वर्तुळ काढायचं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथं शिवेल तिथं खूण करायची, दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. आपल्या जुन्या लोकांनी देवळं, यज्ञवेद्या, वेधशाळा याच रीतीनं मांडल्या, असं मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही पितळी कंपास हातात धरून.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "ठीक शे अक्का. पाया तुमनी लाइनवर लेस. वरनं वर दखसूत."

वरचं वर बघू, म्हणालात, मला वाटलं रुसलात. रुसू दे, म्हटलं. पाया घातला तेव्हा मी उभी होते, साडेतीन फूट रुंदीचा, घट्ट दगडी. मग मी परीक्षेच्या कामाला पंधरा दिवस धुळ्याला गेले. परत आले तर भिंत कंबरेच्या वर आली होती, आजूबाजूला माती भरून झाली होती, आणि तुम्ही नेहमीच्या रीतीनं पहिला थर बसल्यावर वाटायचा गूळ माझ्यासाठी कागदात बांधून ठेवला होता. मी कडेचा चढ मोजला, ओळंबा टाकून बघितला. दिशा नाही मोजली. दिशा माझी होती ना, ती कशाला मोजायची?

उद्घाटनाच्या दिवशी घड्याळात साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना सावली पश्चिमेच्या कमानीवरून सुटली, क्षणभर कुठंच नव्हती, आणि पूर्वेच्या कमानीवर उतरली. खरी मध्यान्ह. पोरं ओरडली. मी एवढी खूश झाले की सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "बघा उस्मानभाई, खरी निघाली की नाही माझी सुई?"

तुम्ही डोक्याचा रुमाल सोडून परत बांधलात. "हा अक्का. तुमनी सुई भारी शे."

आणि मी ते बारा वर्षं चघळलं. ईदला तुमच्या घरी आले की, फोनवर बोलले की, दवाखान्यातसुद्धा. "सुईचं काय म्हणता मिस्त्री?" आणि तुम्ही दर वेळी तेच. भारी शे.

तुम्ही गेल्याचं तुमच्या लेकीनं, शमीमनं कळवलं. नशिराबादला तुमच्या घरी पोचले तेव्हा तुम्हाला नेत होते. मी कब्रस्तानाच्या बाहेर रस्त्यावर उभी राहिले. आतून कुदळीचा आवाज येत होता, आणि माझ्या शिकलेल्या डोक्यात नको तेव्हा नको ती गोष्ट आली. कबर उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. म्हणजे पहूरची आपली भिंत ज्या रेषेत उभी आहे, जवळजवळ त्याच रेषेत तुम्हाला ठेवत होते. मला रडू आलं ते तिथं, घरात बायकांत बसून नाही आलं.

तर परवा पहूरला गेले. शमीमला बरोबर घेतलं, का ते तेव्हा मलाच नीट माहीत नव्हतं. हेडमास्तर आणि तो तरुण इंजिनियर यंत्रापाशीच उभे होते. भोवतीची माती फूटभर काढलेली, आणि खाली तुमचा पाया, काल घातल्यासारखा. मी खाली उतरले. दक्षिणेच्या टोकाला पूर्वेच्या अंगाला पायाचा दगड भिंतीबाहेर चार बोटं दिसत होता. उत्तरेच्या टोकाला तोच दगड हातभर बाहेर. पश्चिमेच्या अंगाला नेमकं उलट. भिंत पायावर फिरवून बसवली होती, मधोमध खिळा ठोकून फिरवावी तशी.

इंजिनियर म्हणाला, "मॅडम, इतकी बेसिक चूक. पायाच्या मध्यावर भिंत घेत नाहीत का?"

शमीमचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "अब्बांचं असं कधी होत नव्हतं. भिंत सुतावरून केसभर हलली तरी थर उतरवून परत लावायचे. घरी आम्हाला बोलणी खावी लागायची, ताट वाकडं ठेवलं तरी."

आणि मला कळलं. उस्मानभाई, सगळं एकदम कळलं. मी त्या खड्ड्यात बसून दोन्ही टोकांचा दगड परत वितीनं मोजला.

मी उठून म्हणाले, "एक काठी द्या. आणि सुतळी."

साडेनऊ वाजले होते. जूनचं आभाळ, ढग येतात की काय याची धास्ती. मोकळ्या जमिनीवर काठी ओळंब्यात रोवली, सुतळीनं वर्तुळ काढलं. सावलीचं टोक सरकत सरकत वर्तुळाला शिवलं तिथं शमीमनं खिळा ठोकला. मग वाट बघायची. इंजिनियर मोबाइलमध्ये उत्तर दाखवायला लागला, मी म्हटलं, ठेव बाबा तो खिशात, जवळ लोखंडी गेट आहे. हे मी म्हणाले, मी! बारा वर्षं उशिरा.

त्या दोन-अडीच तासांत मी तुमचा तेव्हाचा एखादा रविवार डोळ्यांसमोर बघितला. शाळा बंद, मजूर सुट्टीवर, मी धुळ्याला. तुम्ही एकटे, काठीपाशी बसलेले, सावलीची वाट बघत. सावली काही घाई करत नाही. समरकंदला, उज्जैनला, जयपूरला, कुणीतरी असंच बसलं असणार, डोक्याला फडकं बांधून, हातात सुतळी. त्यांची नावं नाहीत, पण त्यांचं बसणं मला कळलं. कोट्यवधी कोस दूर जळणारी एक आग, आणि तिचा हिशोब जमिनीवर बसून एका खिळ्यानं ठेवणारा माणूस. घुमट, दुर्बिणी, डोंगरावरच्या मोठमोठ्या वेधशाळा, सगळ्यांचा पाया हा एवढाच आहे. मी आयुष्यभर हे शिकवलं आणि ते परवा पहिल्यांदा पाहिलं.

साडेबाराला थोडा वेळ कमी असताना भिंतीची सावली नाहीशी झाली. या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून जरासा उत्तरेला जातो. दोन्ही अंगांना सावली नाही, भिंत नुसतीच उभी. हेडमास्तर आठ वर्षं त्या शाळेत आहेत, त्यांनी हे कधी उभं राहून बघितलं नव्हतं. त्यांनी नकळत हात जोडले, मग ओशाळून खाली घेतले.

तीनला पाच मिनिटं कमी असताना दुसरा खिळा ठोकला. दोन खिळे जोडले, त्यावर काटकोनाचा गुण्या लावून उत्तर काढली आणि सुतळी ओढत भिंतीपर्यंत नेली. भिंतीच्या अंगाला अंग लागलं. कुठंही फट नाही. मग तीच सुतळी पायाच्या दगडावर धरली. तीन-चार अंशांनी दगड बाहेर, सरळ त्या जागेकडे झुकलेला जिथं तेव्हा सळ्यांचा ढीग होता.

इंजिनियर भला पोरगा, त्यानं स्वतःच विचारलं, "म्हणजे भिंत बरोबर आहे? मग पाया कुणाचा चुकला?"

उस्मानभाई, त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. जुनी गोष्ट आहे, कुणाला काय आठवतं, म्हणता आलं असतं. पायरीवर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर एकटं माझं नाव आहे. शमीम माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "पाया माझा. मी सुईनं आखला आणि चुकवला. यांच्या वडिलांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, मी सगळ्यांसमोर त्यांचं तोंड बंद केलं. मग त्यांनी माझ्या पायाला हात न लावता वरची भिंत सूर्याला विचारून बांधली, आणि वर माती टाकली."

शमीम खाली उतरली आणि त्या हातभर दगडावरची माती ओढणीच्या टोकानं पुसायला लागली.

मला तुमचा राग येतोय, हे सांगू का? का नाही सांगितलंत? आपण इतकं भांडलो, हेही भांडून घेतलं असतं. ज्या माणसाला ताट वाकडं ठेवलेलं खपत नव्हतं, त्यानं आयुष्यातली एक भिंत पायावर वाकडी बसवली, कुणीही खोदलं असतं तर नाक कापलं गेलं असतं, आणि ते ओझं बारा वर्षं घेऊन माझ्या टोमण्यांना हा अक्का, हा अक्का म्हणत राहिला. कशासाठी? माझी मास्तरकी शाबूत राहावी म्हणून? की तुम्हाला खरंच एवढंच पुरे होतं, की सावली बरोबर पडते? मला वाटतं दुसरं. आणि त्यानं मी जास्तच लहान होते.

आभार मानायची तुम्हाला चीड होती. गुळाचा खडा परत केला तर रागवायचे. म्हणून आभार मानत नाही. पुस्तकाचं पहिलं पान मात्र काल रात्री नव्यानं लिहिलं. वेधशाळा बांधणाऱ्या मिस्त्र्यांची नावं सापडली नाहीत, असं त्यात पहिलंच वाक्य आहे. दुसऱ्या वाक्यात एक सापडलं आहे.

सायकल स्टँड दुसरीकडे होतोय. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, आता पाया झाकून घेतो, वरून फरशी छान दिसेल." मी म्हटलं, झाकायचा नाही. पेव्हर अलीकडेच थांबवा, भोवती वीतभर कठडा घाला आणि तो दगड उघडा राहू द्या. ते म्हणाले, "पोरं विचारतील की, भिंत पायावर अशी तिरकी का?"

विचारू देत. शाळा सुरू झाली की दर शनिवारी मी तिथं जाऊन बसणार आहे. विचारलं की सांगेन, खालची रेघ माझी आहे, वरची उस्मान मिस्त्रींची. आता सावली बघा, कुणाच्या रेघेनं चालते.